छंद आमचा टनाटन!

कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी जुनी एचएमटी घड्याळं. आणि काही मंडळी चक्क मिलिंग मशीन घरी आणतात! कारखान्यातलं, ओतीव लोखंडाचं, टन-दीड टन वजनाचं, वयानं आपल्या बाबांच्या बरोबरीचं. तळमजल्यावरच्या खोलीत ते बसवायचं आणि रविवारचा चहा झाला की त्याच्यापुढे उभं राहायचं. कुणी वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल घडवतं, कुणी बाजारातून गायब झालेला स्कूटरचा पार्ट. छंद वजनदार आणि किस्से त्याहून वजनदार. चला, एकेक उचलू या!

आधी दोन ओळींत बेसिक. लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतो आणि टूल जागेवर असतं. मिलिंगमध्ये बरोबर उलटं. कटर गरगर फिरतो आणि टेबलावर आवळलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. सपाट पृष्ठभाग, कीवे, स्लॉट, गिअरचे दात, सगळं इथेच. मुंबईकराला मिल म्हटलं की गिरणगाव आठवतं, पण या मिललाही सुताचं वावडं नाही बरं का! जुना मिस्त्री 'दोन सूत काढ' म्हणाला की समजायचं, पाव इंच मटेरियल उडवायचंय.

आपला स्टार्टिंग पॉइंट: माहुल

फ्लेमिंगोंचं माहुल, कोळीवाड्याचं माहुल, टँकरच्या रांगांचं माहुल! माहीत आहे का, या एवढ्याशा पट्ट्यात किती लोखंड उभं आहे? १९५०च्या दशकात इथे स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल या परदेशी कंपन्यांच्या रिफायनऱ्या आल्या. आज त्या एचपीसीएल आणि बीपीसीएल. डोंगराच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथली 'अप्सरा' अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. शेजारी आरसीएफचा खत कारखाना आणि टाटांचं वीजकेंद्र. इतके प्लांट म्हणजे इतकी मेंटेनन्स वर्कशॉप्स, आणि तितकेच फिटर, टर्नर, मशिनिस्ट. मशीन समजून घ्यायचंय? मग या भागात गुरू शोधायला लांब जायला नको. गल्लीत विचारा, कुणीतरी रिटायर्ड काका भेटतातच.

आता खाडीपलीकडे नजर टाका. त्या अंगाला शिवडी आणि तिच्या खाली दारुखाना, म्हणजे मुंबईचा जहाजं तोडण्याचा पट्टा. जहाज आणि मिलिंग मशीन यांचा काय संबंध? आहे ना! भर समुद्रात पंपाचा शाफ्ट तुटला तर दुकान कुठे शोधणार? म्हणून मोठ्या जहाजाच्या पोटात छोटं वर्कशॉप असतं. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंग सेट. जहाज तुटलं की ही मंडळी जमिनीवर येतात आणि सेकंडहँड बाजारात नवीन मालकाची वाट बघतात.

माहीत आहे का? भारताची पहिली विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत इथेच, दारुखान्यात २०१४ साली तोडली गेली. लिलावात ती साधारण ६० कोटींना गेली होती. आणि तिच्या पोलादाचं पुढे काय झालं? बजाजनं ते विकत घेऊन २०१६ साली 'व्ही' नावाची मोटरसायकल आणली आणि विक्रांतचा धातू तिच्या पेट्रोलच्या टाकीत वापरला. भंगार म्हणून हिणवू नका कुणाला!

चारकोपची गच्ची, जगात भारी

आता या फीचरचा हिरो. कांदिवलीचं चारकोप. इथल्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव या वैमानिकानं काय बनवलं, माहीत आहे का? विमान! खेळण्यातलं नाही, सहा आसनी, खरंखुरं, उडणारं विमान.

नोकरी विमान चालवण्याची आणि छंद विमान बनवण्याचा. आधीचे प्रयत्न अर्धवट राहिले, पण पठ्ठ्यानं नाद सोडला नाही. आणि जागा कुठली? हँगर नाही, शेड नाही, राहत्या घराची गच्ची.

पण आपल्या कामाचा मुद्दा पुढेच आहे. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती! लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगची मशीनं आणि परदेशातून मागवलेलं १८० किलोंचं इंजिन, सगळं अरुंद जिन्यानं वर चढवलं. जिन्याचं वळण कल्पनेत आणून बघा. पुढे दोघं, मागे दोघं, मधल्या लँडिंगवर श्वास घ्यायला थांबलेले, आणि वरून एकजण ओरडतोय, 'डावीकडे घे, डावीकडे!' विमान हवेत नेण्याआधी वर्कशॉप हवेत नेलं की हो या माणसानं.

वर चढवलं तर उतरवायचं कसं? फेब्रुवारी २०१६मध्ये बीकेसीत 'मेक इन इंडिया'चं प्रदर्शन भरलं. विमानाचे भाग सुटे केले, क्रेननं गच्चीवरून खाली घेतले आणि प्रदर्शनात नेऊन पुन्हा जोडले. नोव्हेंबर २०१७मध्ये नोंदणी मिळाली, व्हीटी-एनएमडी. आणि २०२०मध्ये धुळ्याला ते उडालंसुद्धा! घरच्या घरी वर्कशॉप थाटू बघणाऱ्या प्रत्येकानं या गच्चीला एक सॅल्यूट ठोकावा, असं आमचं ठाम मत आहे.

कागदी पिशवीतून निघालेलं मशीन

जगातल्या हौशी कारागिरांचं सर्वांत लाडकं मिलिंग मशीन कुठलं? ब्रिजपोर्ट! अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावचं. रुडॉल्फ बॅनॉ या गृहस्थानं १९३६मध्ये त्याचं पहिलं स्केच काढलं ते खाकी कागदाच्या पिशवीवर. १९३८मध्ये पहिलं मशीन विकलं गेलं, आणि पुढे तीन लाखांहून जास्त बनली. वाणसामान येतं तेवढ्या कागदावर एवढा मोठा धंदा!

त्याची खुबी काय? डोकं फिरतं. वरचं हेड डावीकडे-उजवीकडे झुकतं, पुढे-मागे सरकतं. एकाच मशीनवर सरळ, तिरकं, आडवं, सगळं काम. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये या धाटणीच्या मशीनला सर्रास 'एमवनटीआर' म्हणतात. भंगारवाल्याकडे 'ब्रिजपोर्ट आहे का' विचाराल तर तो तुमच्याकडे बघत राहील. 'एमवनटीआर' म्हणा, लगेच खुर्ची पुढे करेल.

आणि स्वदेशी हेवीवेट? एचएमटीचं एफएन-२. घड्याळवाली तीच एचएमटी. १९५३मध्ये बंगळुरूला सुरू झाली ती मशीन टूल्स बनवायला, घड्याळं आली १९६१मध्ये. एफएन-२ दोन टनांच्या पुढचं धूड, म्हणून घरात ते आणणाऱ्याची छाती तेवढीच मोठी हवी. त्याच १९६१ साली बंगळुरूत बीएफडब्ल्यू म्हणजे भारत फ्रिट्झ वर्नर सुरू झाली. तिचीही मिलिंग मशीनं आजवर वर्कशॉपांत राबताहेत.

पहिलं मिलिंग मशीन कुणाचं? इथे भांडण आहे. अनेक वर्षं पुस्तकांत एली व्हिटनी आणि १८१८ हे साल छापलं जायचं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर प्रश्नचिन्ह लावलं. पण युनिव्हर्सल मिलिंग मशीनचं श्रेय नक्की आहे. ब्राउन अँड शार्पच्या जोसेफ ब्राउनचं, १८६२. आणि ते हवं होतं कशाला? ड्रिलवर पिळाची खाच पाडायला! तोपर्यंत ही खाच कारागीर हातानं कानस घासून काढत. तुमच्या घरातल्या साध्या ड्रिलच्या बिटावरचा तो पिळ बघा एकदा. त्याच्यासाठी अख्खं मशीन जन्माला आलंय.

छोटा हत्ती, मोठा प्रॉब्लेम

मशीन पसंत पडलं, पैसे दिले. आता आणायचं कसं? पहिला मोह होतो छोट्या हत्तीचा. टाटा एस, २००५मध्ये बाजारात आलेली, गल्लीबोळात शिरणारी गुणी गाडी. पण माहीत आहे का? तिची क्षमता साधारण ७५० किलो, आणि ब्रिजपोर्टचं वजन ९०० किलोच्या आसपास. हत्ती दमणार! इथे लागतो ४०७ टेम्पो. आणि उतरवायला हायड्रा क्रेन. पण माहुलगावच्या आतल्या गल्लीत हायड्रा वळणार का, हे आदल्या दिवशी टेपनं मोजून या. क्रेन गल्लीच्या तोंडाशी अडकली तरी भाडं चालूच राहतं.

मशीनचं वजनच माहीत नसेल तर? टेम्पो आधी रिकामा काट्यावर चढवा, मग भरलेला. वजाबाकी झाली की उत्तर हातात. आणि काटा नसलेल्या काळात काय करायचे? इंद्रायणी-भीमेच्या संगमावरच्या तुळापूरला आदिलशाहीतल्या मुरार जगदेवानं हत्तीची तुला केली, अशी कथा सांगतात. हत्तीला नावेत चढवलं, पाणी कुठवर आलं तिथे खूण केली, हत्ती उतरवला आणि खूण पुन्हा पाण्याला टेकेपर्यंत नावेत दगड भरले. दगडांचं वजन ते हत्तीचं वजन. ही युक्ती शहाजीराजांची, असंही सांगितलं जातं.

गंमत म्हणजे हेच मुरारपंत जड सामान हलवण्यातले उस्ताद! मुलूख मैदान तोफ माहीत आहे ना? १५४९मध्ये अहमदनगरला ओतलेली, तब्बल ५५ टनांची. १६३२मध्ये मुरारपंतांनी ती परांड्याच्या किल्ल्यातून विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं जुंपून, असं सांगतात. ५५ टन म्हणजे साठएक ब्रिजपोर्ट एका झटक्यात. आणि रस्ते तेव्हाचे!

पहार, पाइप आणि परमेश्वर

आता सगळ्यात भारी भाग, जरा सावकाश वाचा. टेम्पोतून मशीन उतरलं, दारात आलं. दारापासून खोलीपर्यंत क्रेन नाही. मग?

पहार! पाच फुटांची पहार घ्या, टोकापासून तीन इंचांवर लाकडी ठोकळ्याचा टेकू द्या. गणित बघा. एका बाजूला ५७ इंच, दुसऱ्या बाजूला ३. म्हणजे ताकद १९ पट. तुम्ही ५० किलोंचा जोर लावलात तर टोकाला ९५० किलो उचलले जातात! आणि मशीनची एकच कड उचलायची असते, तिच्यावर साधारण निम्मा भार. म्हणजे २५ किलोंचा जोरही पुरे. घरातल्या कॉलेजकुमारालाही जमेल.

कड बोटभर उचलली की खाली पाइप सरकवायचा. लोखंडी, जाड भिंतीचा, मशीनच्या पायापेक्षा लांब. तीन पाइप लागतात. दोन नेहमी मशीनखाली, मागून मोकळा झालेला तिसरा उचलून पुढे. फरशी सपाट असेल तर टनभर मशीन दोन-तीन माणसं ढकलत नेतात. वळवायचंय? पुढचा पाइप हातोडीनं हलकेच तिरका ठोका, मशीन त्या दिशेला वळतं. आणि एक नियम दगडावरची रेघ. पाइपच्या तोंडात बोट घालून तो कधीच धरायचा नाही. पाइप वरून, बाहेरून धरायचा. बोटं दहाच मिळालीत, मशीनं पुष्कळ मिळतील.

उतार दिसला की मात्र ब्रेक! दहा फुटांना एक फूट उतार म्हणजे टनभर मशीन शंभर किलोंच्या ताकदीनं खाली ओढलं जातं. मागून चेन ब्लॉक बांधल्याशिवाय एक इंच पुढे जायचं नाही. माणसानं मशीन अडवायचं नसतं, साखळीनं अडवायचं असतं.

माहीत आहे का, मिलिंग मशीन वरून जड असतं? मोटर, हेड, सगळं वर. जरा कललं की आडवं. म्हणून शिफ्टिंगच्या आधी नी, म्हणजे टेबलाखालचा वर-खाली होणारा भाग, पूर्ण खाली आणतात. टेबल मधोमध आणून आवळतात. आणि ब्रिजपोर्टचं तर डोकंच उलटं फिरवतात, मोटर खाली! शीर्षासनातलं मशीन बघायला विचित्र दिसतं, पण वजन खाली आल्यानं ते अगदी शहाण्यासारखं उभं राहतं.

या कामातले खरे सुपरस्टार म्हणजे मुंबईचे माथाडी. त्यांच्यासाठी महाराष्ट्रानं १९६९मध्ये खास कायदा केला. मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, कामाच्या अटी, सगळ्याची व्यवस्था त्यात आली, आणि त्या लढ्याचं नाव अण्णासाहेब पाटील. अनुभवी टोळीचा मुकादम मशीनभोवती एक चक्कर मारतो, हात लावून बघतो आणि नुसत्या नजरेनं वजन कुठे आहे ते ओळखतो. त्याचं ऐका. घासाघीस करायची तर मशीनच्या किमतीत करा, यांच्या मजुरीत नको.

दक्षिणेच्या चॅम्पियनांचंही ऐका. केरळमधल्या बेपूरचे मापिला खलाशी लाकडी रहाट, दोर आणि ओंडक्यांवर अख्खी जहाजं पाण्यात ढकलतात. १९८८मध्ये पेरुमण इथे आयलंड एक्स्प्रेस पुलावरून अष्टमुडी तलावात कोसळली, तेव्हा डबे बाहेर काढायला यांनाच बोलावलं होतं.

आणि ऑल टाइम रेकॉर्ड? रशियातला 'थंडर स्टोन'. १७६९-७०मध्ये बाराशे टनांहून जड अखंड शिळा सेंट पीटर्सबर्गमधल्या पुतळ्यासाठी हलवली. खाली खोबणीत काय ठेवलं होतं? पितळी रंगाचे ब्राँझचे गोळे! बॉल बेअरिंगचा हा आजोबाच.

तसं बघितलं तर लालबाग-परळच्या कार्यशाळेतून उंच गणेशमूर्ती बाहेर काढून, वायरी चुकवत मंडपापर्यंत नेणाऱ्या शहराला मिलिंग मशीनचं काय कौतुक! तीच ट्रॉली, तीच पाचर, तोच 'हळू हळू'चा गजर.

फरशी, फेज आणि खारा वारा

तिसऱ्या मजल्यावर राहता? मग थोडं थांबा. भारतीय मानकानुसार राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भार गृहीत धरून डिझाइन करतात. ब्रिजपोर्टचा पाया साधारण अर्धा चौरस मीटर. म्हणजे त्या जागी हिशेब जातो चौरस मीटरला १८०० किलोंवर. नऊ पट! भार आजूबाजूला पसरतो हे खरं, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही नसेल तर वर नेऊच नका. तळमजला जिंदाबाद. माहुल, चेंबूर, मुलुंडच्या जुन्या बैठ्या घरांचा इथे भलताच फायदा होतो.

मशीन बसलं, प्लग कुठे घालणार? कारखान्याची मोटर थ्री-फेज, ४१५ व्होल्टची. घरातली वीज सिंगल-फेज, २३० व्होल्टची. जुळायचं कसं? मध्यस्थ आहे, व्हीएफडी. चपलेच्या खोक्याएवढा डबा, एका बाजूनं सिंगल-फेज घेतो, दुसऱ्या बाजूनं थ्री-फेज देतो. मोटरचं कनेक्शन तेवढं स्टारमधून डेल्टामध्ये बदलून घ्यायचं. बोनस काय मिळतो? नॉब फिरवला की स्पीड कमी-जास्त. बेल्ट बदलायची कटकट बरीच कमी. वायरिंग आणि अर्थिंग मात्र लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच.

खाडीकाठी राहणाऱ्यांचा शत्रू नंबर वन म्हणजे गंज. खारा वारा उघड्या लोखंडाला पावसाळ्यात सोडत नाही. जुने कारागीर टूलबॉक्सच्या खणात काय ठेवतात, माहीत आहे का? देवघरातला कापूर! टेबलावर तेलाचा हात आणि वर जाडसर कपडा.

आधीच गंजलेला पार्ट असेल तर घरची केमिस्ट्री. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा. गंजका पार्ट बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, भंगार लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला. रात्रभर बुडबुडे, सकाळी गंज पुसून काढा. दोन सूचना लाल अक्षरात. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, कारण विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे सगळं उघड्या हवेत करायचं, कारण त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो.

चंद्रकोर बघून मशीन घ्या

सेकंडहँड मशीन चांगलं की झिजलेलं, हे कसं ओळखायचं? इथे वाका आणि जवळून बघा. टेबल ज्या पट्ट्यांवर सरकतं, त्या 'वेज'वर ओळीनं बारीक चंद्रकोरी दिसतात. हातानं स्क्रॅपरनं कोरलेल्या. नुसती नक्षी नाही, त्या खळग्यांत तेल टिकतं. आता टेबल एका टोकाला नेऊन मधला भाग बघा. टोकांकडे चंद्रकोरी ठसठशीत आणि मधे सपाट गुळगुळीत? मशीननं मधल्या भागात भरपूर राबणूक केलीय. चंद्रकोरी सगळीकडे सारख्या? पाकीट बाहेर काढा!

दुसरी टेस्ट. हँडल एका दिशेला फिरवून थांबा, मग हळूच उलटं फिरवा. टेबल हलायच्या आधी डायल किती सरकते, तेवढा बॅकलॅश. जुन्या मशीनला तो असणारच. म्हणून त्यावर कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेनंच जॉब सरकवतात. उलट केलंत तर कटर जॉबला धरून टेबलासकट आत खेचतो, आणि मग कटरही गेला, जॉबही गेला.

तिसरी टेस्ट, हौशी मंडळींची लाडकी. नेमप्लेट! हिरव्या रंगाखाली राखाडी, राखाडीखाली आणखी कुठला, आणि त्याखाली पितळी पट्टीवरचा सीरियल नंबर. त्या नंबरावरून पुष्कळ मशीनचं जन्मसाल काढता येतं. नखानं रंग खरवडताना एकेक आकडा उघडा पडतो, तेव्हाचा थरार लॉटरीच्या तिकिटात नाही!

कटर, कोलेट, वाईस कुठे? नागदेवी स्ट्रीट, मस्जिद बंदरच्या बाजूचा हत्यारांचा बाजार. यादी नेलीत तरी यादीबाहेरचं घेऊन याल, ही गॅरंटी.

आपले मराठी उस्ताद

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. त्यांनी आणि त्यांच्याशी घट्ट जोडी असलेल्या आनंदरावांनी मुंबईच्या चोरबाजारातून सेकंडहँड प्रोजेक्टर आणला. मग डोक्यात आलं, कॅमेराच का बनवू नये? आनंदराव १९१६मध्ये गेले, पण बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या साथीनं स्वदेशी कॅमेरा पुरा केलाच. त्यांचा 'सैरंध्री' १९२०मध्ये पुण्यात झळकला. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. सेकंडहँड मालातून फर्स्टक्लास इतिहास!

लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८८८मध्ये बेळगावात सायकलचं दुकान, १९०३मध्ये लोखंडी नांगर, १९१०मध्ये किर्लोस्करवाडी. आणि १९४१मध्ये हरिहरला सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करची लेथ मशीनं आजही सेकंडहँड बाजारात नावानं विचारली जातात.

पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८पासून सर्वांसाठी खुलं. छोट्या गाड्या, छोटे सिग्नल, छोटं शहर. मुलांना घेऊन जा, पण मागे उभ्या मोठ्यांचे चेहरेही बघा.

घरात जागाच नाही? मग वाटून वापरा. २०१३मध्ये मुंबईत सुरू झालेलं मेकर्स असायलम हे असंच सामायिक वर्कशॉप, २०२१पासून गोव्यात. करोनाच्या टाळेबंदीत त्यांनी देशभरातल्या हौशी कारागिरांना जोडून ४९ दिवसांत दहा लाख फेसशील्ड बनवले.

आणि एक योगायोग! लंडनमध्ये १८९८ साली 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक सुरू झालं, घरच्या वर्कशॉपवाल्यांसाठी. त्यातला वाफेच्या इंजिनांचा सर्वांत लोकप्रिय लेखक कुठल्या टोपणनावानं लिहायचा? 'एलबीएससी'! आपल्या घाटकोपर-मुलुंडच्या एलबीएस मार्गाला शेवटी एक सी जोडा, झालं. आणि तो मार्गही कधीकाळी दुतर्फा कारखान्यांचाच की!

कादंबरी आवडते? नेव्हिल शूटची 'ट्रस्टी फ्रॉम द टूलरूम', १९६०. नायक घरच्या तळघरात छोटी इंजिनं बनवणारा साधा माणूस. खिशात पैसा नाही आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडे जायचंय. त्याला तिथवर पोचवतात कोण? त्याचे लेख वाचून इंजिनं बनवणारे जगभरचे हौशी कारागीर!

जाता जाता कामाची टीप. मशीनखाली जमणारा कीस फेकू नका, भंगारवाला किलोवर घेतो. पण डबे दोन ठेवा, लोखंडाचा वेगळा आणि पितळेचा वेगळा. पितळेला भाव कितीतरी जास्त, आणि दोन्ही एकत्र झाले की तो सगळा माल लोखंडाच्या दरानं मागतो. लोहचुंबक फिरवून वेगळं करता येतं म्हणा, पण अख्खा रविवार त्यातच जातो!